आमची अठरा वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची? सेवानियम ठरवणाऱ्या वरिष्ठांना एका माजी हवालदाराचं खुलं पत्र

प्रति,
राज्य शासनाचे सेवानियम आणि वेतननियम ठरवणारे मंत्रिमहोदय आणि वरिष्ठ अधिकारी यांस,

सविनय जय हिंद.

मी तालुक्याच्या ठिकाणी एका सरकारी कार्यालयात लिपिक-टंकलेखक आहे. त्याआधी १९९७ ते २०१५ अशी अठरा वर्षं सैन्यात होतो. हवालदार म्हणून पेन्शनीत आलो आणि २०१७ साली माजी सैनिकांच्या राखीव जागेवर या नोकरीला लागलो. कार्यालयाचं किंवा साहेबांचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझं भांडण कुणा एका साहेबाशी नाही, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांशी तर मुळीच नाही. ते ज्या कागदावर बोट ठेवून ‘यात बसत नाही’ म्हणतात, तो कागद वरून येतो. म्हणून पत्र तुम्हाला. आणि खुलं अशासाठी, की रीतसर मार्गाने पाठवलेले माझे तीन अर्ज फिरून फिरून परत आले आणि तिन्हींवर तीच ओळ होती : ‘सदर बाब प्रचलित नियमात बसत नाही.’

गेल्या महिन्यात माझ्या नावाने वसुलीचा आदेश निघाला. मी रुजू झालो तेव्हा त्या वेळच्या आस्थापना शाखेने (कर्मचाऱ्यांच्या सेवेची आणि पगाराची कागदपत्रं बघणारी शाखा) माझी लष्करातली सेवा धरून काही वेतनवाढी दिल्या होत्या. मी मागितल्या नव्हत्या. प्रस्ताव त्यांनी केला, मंजुरी कार्यालयाने दिली, सेवापुस्तकातल्या नोंदीवर सही-शिक्काही कार्यालयाचाच. आता वेतन पडताळणीत आक्षेप निघाला की या वेतनवाढी अनुज्ञेय नव्हत्या. जादा दिलेली रक्कम २ लाख ८८ हजार. ३६ हप्ते, महिना ८ हजार रुपये. आवक-जावक माझ्याकडे असल्याने तो आदेश माझ्याच टेबलावर आला. मीच त्यावर आवक क्रमांक टाकला, तारखेचा शिक्का मारला आणि नोंदवहीत विषयाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

पैशाचं पुढे बोलतो. आधी त्या सेवापुस्तकाचं.

सेवापुस्तकाचं पहिलं पान तुम्हाला ठाऊक आहे. नाव, जन्मतारीख, उंची, ओळखीच्या खुणा आणि खाली डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. मी रुजू झालो त्या दिवशी ठसे घेताना तिथले भाऊसाहेब माझी करंगळी पुन्हा पुन्हा शाईवर दाबत होते. ठसा अर्धाच उमटत होता. माझ्या डाव्या करंगळीचं वरचं पेर नाही. सियाचीनच्या एका चौकीवर २००६ च्या हिवाळ्यात हिमदंशाने ते गेलं. भाऊसाहेबांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं, मला पाणी दिलं आणि मग ओळखीच्या खुणांच्या जागी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘डाव्या करंगळीचे अग्र पेर नाही.’ पुढच्या पानावर मागील सेवेची नोंद घेतली : भारतीय सैन्य, १८ वर्षं, डिस्चार्ज बुकाप्रमाणे. डिस्चार्ज बुक म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना मिळणारं सेवेच्या नोंदीचं पुस्तक.

पडताळणीहून पुस्तक परत आलं तेव्हा या दुसऱ्या नोंदीवर लाल शाईची आडवी रेघ होती. पट्टी ठेवून मारलेली, सरळ. म्हणजे आता त्या पुस्तकात माझं बोट गेल्याची नोंद आहे, ते कुठे गेलं याची नाही.

साहेब, मी आस्थापनेचं काम जवळून पाहतो. आक्षेप काढणाऱ्याने त्याचं काम केलं, हे मला कळतं. त्याच्यासमोर जो नियम होता त्याप्रमाणे त्याने रेघ मारली. माझी तक्रार त्या नियमाबद्दल आहे. शासन माजी सैनिकाला जागा राखून ठेवतं, त्याला दारातून आत घेतं, आणि आत आल्यावर त्याच्या आयुष्यातली पंधरा, सतरा, वीस वर्षं झालीच नाहीत असं धरून चालतं. तो चाळिशीचा माणूस कागदावर विशीतला नवखा होतो. एवढंच माझं म्हणणं आहे. बाकीच्या सगळ्या गोष्टी याच एका गोष्टीतून निघतात.

पगाराचं बघा. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात लष्करातला हवालदार लेव्हल ५ ला आहे. त्याची सुरुवातच २९,२०० ला होते आणि वर दरमहा ५,२०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे. राज्यातला लिपिक-टंकलेखक एस-६ ला, सुरुवात १९,९००. केंद्राच्या १९८६ च्या वेतननिश्चिती आदेशांनी पायंडा पाडला तो असा : अधिकारी हुद्द्याखालचा सैनिक ५५ वर्षांच्या आत निवृत्त होऊन पुन्हा नोकरीला लागला, तर त्याची पेन्शन पूर्णपणे बाजूला ठेवायची आणि वेतन मात्र श्रेणीच्या किमानला बांधायचं. त्याआधीच्या व्यवस्थेत निदान एक खिडकी होती. किमान वेतन आणि पेन्शन मिळून शेवटच्या लष्करी वेतनाएवढं भरत नसेल, तर झालेल्या सेवेच्या वर्षांगणिक आगाऊ वेतनवाढी देता येत होत्या. ती खिडकी बंद झाली. माझ्या पहिल्या आस्थापना शाखेने कदाचित त्याच जुन्या विचाराने मला वेतनवाढी दिल्या असतील. देणाऱ्यांपैकी आज तिथे कुणीही नाही. काहींची बदली झाली, काही निवृत्त झाले. वसुली मात्र माझ्याकडून.

आमच्याच युनिटमधले काही गडी सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांत लिपिक म्हणून लागले. तिथे शेवटचं लष्करी वेतन विचारात घेऊन पगार बांधतात. एकाच लंगरमध्ये जेवलेले, एकाच वर्षी पेन्शनीत आलेले दोघे हवालदार. एक बँकेच्या काउंटरवर बसला आणि एक तालुक्याच्या कार्यालयात, तर एकाची वर्षं मोजली जातात आणि दुसऱ्याची नाहीत. हा फरक का, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे. ‘तुम्हाला पेन्शन आहे की.’ चहाच्या टपरीवर ऐकतो, कार्यालयात ऐकतो, नातेवाइकांकडूनही ऐकतो. राग येत नाही, कारण ज्याच्या घरात पेन्शन नाही त्याला ती मोठी वाटणारच. पण त्याचं उत्तर द्यायला हवं. पेन्शन ही झालेल्या सेवेची आहे. आज मी सकाळी पावणेदहाला येऊन जे टेबल सांभाळतो, त्याचा तो मोबदला नाही. आणि ती चाळिशीच्या आत सुरू होते ती आमची चैन म्हणून नाही. सैन्याला तरुण शरीर लागतं, म्हणून सैन्य आपल्या जवानांना पस्तिशी-चाळिशीत घरी पाठवतं. दरवर्षी देशभरात सुमारे ६०,००० जण असे बाहेर पडतात. मी स्वतः मुदत पूर्ण व्हायच्या आधी, स्वतःच्या अर्जावर आलो, हे लपवत नाही. वडील अंथरुणाला खिळले होते आणि शेत बघायला दुसरं कुणी नव्हतं. पण मुदत पूर्ण करून आलेल्याच्या सेवापुस्तकातही रेघ तशीच पडते. मुलांच्या शिक्षणाचा, घराच्या कर्जाचा, म्हाताऱ्या आईवडिलांच्या औषधाचा खर्च जेव्हा सगळ्यात जास्त असतो, नेमक्या त्या वयात पगार निम्म्या पेन्शनीवर येतो. त्या वेळी पुन्हा किमान वेतनापासून सुरुवात.

वेतनापेक्षाही मला जास्त लागतं ते पुढचं. आपल्याकडे सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आहे. पदोन्नती मिळाली नाही तरी १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरच्या वेतनस्तराचा लाभ. चांगली योजना आहे. सैन्यात अशीच योजना ८, १६ आणि २४ वर्षांवर आहे आणि मला त्यातले पहिले दोन टप्पे मिळाले होते. मी ३९ व्या वर्षी इथे लागलो. ५८ ला निवृत्त होईन. म्हणजे १९ वर्षं. दहाचा लाभ मिळेल, विसाचा एका वर्षाने हुकेल, तिसाचा विचारच नको. हिमालयात काढलेल्या अठरा वर्षांमधलं फक्त एक वर्ष जरी तुम्ही धरलंत, तरी मला दुसरा लाभ मिळतो. एक वर्ष. हे गणित मी रात्री वहीत पुन्हा पुन्हा करून पाहिलं आहे.

निवृत्तिवेतनाचंही तसंच. जुन्या व्यवस्थेत माजी सैनिकाला निवड होती : लष्करी पेन्शन घेत राहायचं आणि इथली सेवा वेगळी मोजायची, किंवा ती पेन्शन सोडून लष्करातली वर्षं इथल्या सेवेला जोडायची. केंद्राच्या १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांत नियम १९ हेच सांगत होता. मग केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद झाली. सशस्त्र दलांना त्यातून वगळलं होतं, ते योग्यच झालं. पण मी १९९७ साली सरकारी सेवेत आलेला माणूस. मधे गणवेश बदलला, देश तोच, तिजोरीही सरकारचीच. तरी मला २०१७ साली नवा कर्मचारी धरून नव्या, सेवेच्या वर्षांऐवजी वर्गणीवर चालणाऱ्या योजनेत टाकलं. जोडायला जुनी वर्षं आहेत, पण जोडायची कशाला? केंद्राने आता एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली आहे. तिच्यात वेतनाच्या ५० टक्के पेन्शनची पूर्ण हमी मिळायला २५ वर्षांची सेवा लागते. सैन्यातून चाळिशीला आलेला माणूस ५८ पर्यंत तर सोडाच, केंद्राच्या ६० वर्षांच्या वयापर्यंतही २५ वर्षं भरू शकत नाही. जी अट आम्ही जन्मात पूर्ण करू शकत नाही, ती लिहिताना आमच्यापैकी कुणी कुणाच्या डोळ्यासमोर होतं का?

आता राखीव जागांबद्दल. महाराष्ट्रात गट क आणि गट ड च्या पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांच्या आतलं. केंद्राने १९७९ च्या नियमांनी गट क मध्ये १० आणि गट ड मध्ये २० टक्के ठेवलं. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्रातली गट ड ची पदंच गट क मध्ये गेली, त्यामुळे त्या २० टक्क्यांना खाली जमीन उरली नाही. आपल्या राज्याचा आकडा केंद्रापेक्षा मोठा आहे, त्याबद्दल मनापासून आभार. पण आकडा भरतीच्या जाहिरातीत असतो तेवढा निवड यादीत दिसत नाही. माजी सैनिक मिळाला नाही की ती जागा त्याच प्रवर्गातल्या इतर उमेदवारातून भरली जाते, पुढच्या भरतीसाठी राहत नाही. भरलेल्या जागेवर लागलेल्या त्या तरुणाबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यालाही पोट आहे. प्रश्न असा की माजी सैनिक मिळत का नाही? दरवर्षी गावोगावी इतके जण पेन्शनीत येतात, त्यातले कितीतरी सुरक्षारक्षक म्हणून एटीएमच्या बाहेर बसलेले तुम्हीही पाहिले असतील.

कारण मला माझ्याच अनुभवातून कळलं. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टंकलेखनाचं प्रमाणपत्र लागतं, शिवाय एमएस-सीआयटी. मी ३७ व्या वर्षी बसस्टँडमागच्या क्लासला जायला लागलो. एका रांगेत बारा मशिनं, अकरांवर अठरा-वीस वर्षांची पोरं. सर मला काका म्हणायचे. डाव्या करंगळीकडे जी अक्षरं येतात ती मला अनामिकेने मारावी लागत. सर म्हणाले, पद्धत चुकते पण वेग धरा, परीक्षेत पद्धत कुणी बघत नाही. सात महिने गेले. मराठी तिसऱ्या प्रयत्नात सुटलं. परीक्षेतलं अंकगणित, व्याकरण, सामान्य ज्ञान हे तर शाळा सुटल्यावर वीस वर्षांनी पुन्हा उघडलेलं. मला सवलतीचे गुण नकोत. परीक्षा द्यायची ती देऊनच यायचं, तसाच मी आलो. पण सेवेच्या शेवटच्या वर्षी, माणूस अजून युनिटमध्ये असताना, त्याच्या जिल्ह्याकडून त्याला कळावं की कुठली पदं निघणार आहेत आणि कुठली प्रमाणपत्रं लागतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले लोक आस्थेने वागतात, पण दोन-तीन माणसं अख्खा जिल्हा सांभाळतात.

कार्यालयांतल्या अज्ञानाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात द्वेष नाही, नुसती माहिती नाही. डिस्चार्ज बुकात वर्तणूक ‘एक्झेम्प्लरी’ लिहिलेली असते, म्हणजे सैन्य देऊ शकतं तो सर्वांत वरचा शेरा. तरी चारित्र्याच्या दाखल्यासाठी दोन राजपत्रित अधिकाऱ्यांकडे पळावं लागतं. पंधरा वर्षं सेवा झालेल्या दहावी पास सैनिकाचं लष्करी शिक्षण प्रमाणपत्र पदवीच्या जागी चालतं असा केंद्राचा जुना आदेश आहे, तो दाखवला की समोरचा म्हणतो, आमच्या विभागाचं पत्र आणा. पेन्शनीवरच्या महागाई भत्त्याचा घोळ तर कायमचा. वेतन किमानला बांधलं असेल आणि पेन्शन पूर्ण दुर्लक्षित केली असेल, तर पेन्शनीवरचा महागाई भत्ता चालू राहतो, ही गोष्ट केंद्राने जुलै १९९७ पासून मान्य केलेली आहे. तरी माझ्या ओळखीच्या, सैन्यातून नायक (हवालदाराच्या खालचा हुद्दा) म्हणून आलेल्या एकाला ‘दोन्हीकडून भत्ता घेता’ म्हणून खुलासा मागितला गेला. तो बिचारा इतका घाबरला की रजा टाकून माझ्याकडे आला. मी त्याला उत्तर लिहून दिलं. सगळ्यांच्या ओळखीत लिपिक नसतो.

ही मागणी जगावेगळी आहे असं वाटत असेल तर दोनच गोष्टी पाहा. १९६२ च्या चिनी आक्रमणात २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली, ती १० जानेवारी १९६८ पर्यंत चालली. पंजाब सरकारने १९६५ साली नियम करून त्या काळातली लष्करी सेवा पुढच्या सरकारी नोकरीत वेतनवाढ, ज्येष्ठता आणि पेन्शनसाठी धरली. दुसरी गोष्ट, १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्यातलं कलम ७अ. नोकरीत असलेला माणूस प्रादेशिक सेनेत सेवेला बोलावला गेला, तर परतल्यावर त्याला आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामावर घेणं मालकाला बंधनकारक आहे. म्हणजे कायद्याला तत्त्व मान्यच आहे, की देशाने बोलावलं म्हणून माणसाचं नुकसान होऊ नये. मग आणीबाणीत गेलेल्याची वर्षं मोजायची आणि इतर वेळी गेलेल्याची नाही, हे कसं? सियाचीनवर १३ एप्रिल १९८४ पासून जवान उभा आहे. त्यासाठी कुणाला आणीबाणी जाहीर करावी लागली नाही. तिथल्या थंडीला ती जाहीर झाली की नाही हे माहीत नसतं.

आणि हा प्रश्न आता मोठा होणार आहे. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांनी चारांतला फार तर एक जण कायम होतो, बाकीचे तीन घरी. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. चार वर्षांच्या शेवटी एकरकमी मिळणाऱ्या सेवानिधीचे ११ लाख ७१ हजारांच्या आसपास रुपये हातात घेऊन बावीस-पंचवीस वर्षांची मुलं गावात येतील आणि तुमच्याच भरतीच्या रांगेत उभी राहतील. ‘पेन्शन आहे की’ हे उत्तर त्यांना देता येणार नाही. माझ्या भावाचा मुलगा त्यात आहे. त्याने मला फोनवर विचारलं, काका, ही चार वर्षं कशात धरतील का? मी त्याला म्हणालो, बघतो. सतरा वेळा शासन निर्णय चाळून झाले, त्याला सांगण्यासारखं अजून काही सापडलेलं नाही.

आता मी नेमकं काय मागतो ते लिहितो.

वसुली थांबवा. माझी एकट्याची नाही, कार्यालयाच्या चुकीने जादा वेतन गेलेल्या गट क आणि गट ड मधल्या सगळ्या माजी सैनिकांची. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ ला पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या निकालात स्पष्ट सांगितलं आहे की तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही, आणि आदेशाच्या आधी पाच वर्षांहून जास्त काळ दिल्या गेलेल्या जादा रकमेचीही नाही. माझ्या प्रकरणात दोन्ही गोष्टी लागू आहेत. त्यावर आम्हाला रुजू होताना सही करायला लावलेलं, जादा गेलेलं वेतन परत करीन असं हमीपत्र दाखवलं जातं. नोकरी हातात पडायच्या आधी समोर ठेवलेल्या छापील कागदावर कोण सही करत नाही? प्रत्येकाने उच्च न्यायालयात जावं अशी अपेक्षा ठेवू नका. वकिलाची फी वसुलीच्या हप्त्यांपेक्षा जड होते.

लष्करी सेवा वेतनासाठी धरा. पूर्ण धरा असा हट्ट नाही. दर दोन वर्षांच्या लष्करी सेवेला एक वेतनवाढ दिलीत तरी माणूस किमानवरून उठेल. तिजोरीवर भार पडेल हे कळतं, म्हणून निम्म्यावर बोलतो. आश्वासित प्रगती योजनेसाठी आणि निवृत्तिवेतनाच्या अर्हताकारी (पेन्शनसाठी मोजल्या जाणाऱ्या) सेवेसाठी मात्र वर्षं पूर्णच धरा, कारण तिथे पैसा थोडा आणि उंबरठा मोठा आहे. ज्येष्ठता मी मागत नाही. माझ्याआधी लागलेल्या पोराला मागे ढकलून मला पुढे उभं करू नका. तो त्याच्या कष्टाने लागला आहे आणि मी त्याच्याच हाताखाली टिपणी लिहायला शिकलो. या मुद्द्यावर माझ्या काही बांधवांचं मत वेगळं आहे. माझं हे आहे.

माजी सैनिकांच्या वेतननिश्चिती, महागाई भत्ता, शैक्षणिक समकक्षता, कागदपत्रं या सगळ्यांचा एकच एकत्रित शासन निर्णय काढा, मराठीत, सोबत भरलेल्या नमुन्यासह. आज हे दहा ठिकाणी विखुरलेलं आहे आणि ज्याला जे सापडतं ते तो लावतो. असा एक कागद असता तर २०१७ साली चूकही झाली नसती आणि आज वसुलीही आली नसती.

राखीव जागा निदान एका भरतीपुरत्या पुढे ओढा आणि प्रत्येक भरतीनंतर किती राखीव होत्या, किती माजी सैनिकांतून भरल्या, किती इतरांना गेल्या, हे जाहीर करा. आणि अग्निवीरांच्या चार वर्षांचा निर्णय ती मुलं दारात येण्याआधी करा. आल्यावर नको. आमच्या वेळी आल्यावर झाला, त्याचा परिणाम वर लिहिला आहे.

मला इथल्या कामाबद्दल तक्रार नाही. आवक-जावक नोंदवहीत एकही दिवस मागे राहिलेला नाही, पूर आला त्या वर्षी तहसीलच्या मदतकेंद्रावर सलग नऊ दिवस राहिलो, निवडणुकीच्या कामातून कधी नाव काढून घेतलं नाही. ही नोकरी मी मेहरबानी म्हणून घेतलेली नाही आणि ओझं म्हणूनही करत नाही.

माझं सेवापुस्तक आमच्या कार्यालयातच आहे, लोखंडी कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात. ती लाल रेघ खोडा असं मी म्हणणार नाही, सरकारी नोंद खोडायची नसते, हे मला माहीत आहे. तिच्याखाली दोन ओळींची जागा मोकळी आहे. भारतीय सैन्य, १८ वर्षं, अमुक शासन निर्णयानुसार ग्राह्य, एवढं त्यात बसतं. तो निर्णय टपालाने आमच्याकडे आला, की त्यावर आवक क्रमांक मीच टाकेन.

आपला,
एक माजी हवालदार,
सध्या लिपिक-टंकलेखक